कोणत्या ब्रूडचं हे रान? स्प्रिंगफिल्डजवळच्या सिकाडा-नोंदींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिकाडा म्हणजे झाडावर बसून मोठ्याने गाणारे किडे. त्यांतले मॅजिसिकाडा प्रजातीतले सिकाडा जगात फक्त अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात सापडतात. त्यांची पिल्लं झाडांच्या मुळांतला रस पीत जमिनीखाली तेरा किंवा सतरा वर्षं काढतात. मग एका ठरलेल्या वसंतात, वीसेक सेंटिमीटर खोलीवरची माती साधारण १८ अंश सेल्सिअसला पोचली की सगळी मिळून वर येतात. झाडावर चढून कात टाकायची, नरांनी गायचं, माद्यांनी कोवळ्या फांद्यांत अंडी घालायची, आणि महिना-सव्वा महिन्यात सगळं आटोपतं. वळवाच्या आधी सह्याद्रीचं रान दणाणून सोडणारे आपले सिकाडा दरवर्षी ऐकू येतात. इथे एक वर्ष हुकलं तर पुढची भेट पोरं लग्नाची होतील तेव्हा.

ठरलेल्या एकाच वर्षी बाहेर पडणाऱ्या समूहाला ब्रूड म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सी. एल. मार्लॅट यांनी या समूहांना क्रमांक दिले, तेच आजही चालतात. इलिनॉय राज्याच्या उत्तरेत ब्रूड १३ आहे. त्याचं चक्र सतरा वर्षांचं. दक्षिणेत आणि मध्यात ब्रूड १९ आहे. त्याचं चक्र तेरा वर्षांचं. हे आकडे हमखास घोळ घालतात, म्हणून पुढे मी त्यांना 'सतरावर्षी' आणि 'तेरावर्षी' एवढंच म्हणते.

तेरा गुणिले सतरा म्हणजे २२१. हे दोन ब्रूड २२१ वर्षांतून एकदाच एका उन्हाळ्यात येतात. १८०३ साली आले होते, मग २०२४ ला आले, आता २२४५ ला येतील. त्यांच्या सीमा जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात तो टापू म्हणजे राज्याची राजधानी स्प्रिंगफिल्ड आणि आसपासचा भाग. अभ्यासकांचं मत असं की दोन्ही ब्रूड इथे शेजारी-शेजारी आहेत, पण फारसे एकमेकांत मिसळलेले नाहीत.

हे प्रकरण याच टापूतल्या हौशी निसर्गनिरीक्षकांच्या एका छोट्या गटाचं आहे. गटात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, नदीकाठी स्वतःचं रान राखलेला एक वयस्क शेतकरी होता, पक्षीनिरीक्षणातून आलेली दोन तरुण मुलं होती, आणि नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेली आम्ही दोन मराठी कुटुंबं. माणसांची नावं आणि रानांचे नेमके ठावठिकाणे मुद्दाम दिलेले नाहीत. रानं खासगी मालकीची आहेत, आणि २०२४ मध्ये 'दोन्ही ब्रूड एकत्र' पाहायला लोक लांबून गाड्या काढून येत होते.

अडचण

शेतकरी आजोबांच्या रानाचं नाव आपण 'दक्षिण रान' ठेवू. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे सिकाडांचा पूर आला. आजोबांची ठाम समजूत होती की त्यांच्या रानात दोन्ही ब्रूड आहेत. त्यांना २०११ चे सिकाडा लख्ख आठवत होते, आणि त्यांच्या बहिणीला २००७ चे. २००७ हे सतरावर्षींचं साल, २०११ तेरावर्षींचं. दोन्ही साली एकाच रानात सिकाडा आले असतील, तर २०२४ मध्ये तिथे दोन्ही ब्रूड एका झाडावर बसलेले असणार. एका स्थानिक वार्ताहराला हे कळलं आणि त्याने गटाकडे दुजोरा मागितला. गटातल्या एका तरुणाने फोटो आधीच आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले होते आणि त्यांवर सतरावर्षी जातीचं नाव लावलं होतं. पाहणाऱ्या इतरांनी ते मान्यही केलं. तिथे दोन तृतीयांश मतं जुळली की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' दर्जा मिळतो.

खरा पेच इथेच होता. फोटोवरून हे नाव ठरवताच येत नाही. सतरावर्षींमधला सेप्टेनडेसिम आणि तेरावर्षींमधला निओट्रेडेसिम दिसायला सारखे आहेत आणि या भागात गातातही सारखेच. निओट्रेडेसिम ही वेगळी जात आहे हे विज्ञानाला कळलं तेच मुळी २००० साली, आणि तेही दक्षिणेत. तिथे त्याची ट्रेडेसिम या दुसऱ्या तेरावर्षी जातीशी गाठ पडते आणि त्याच्या गाण्याची पट्टी चढते, त्या फरकावरून. स्प्रिंगफिल्डकडे ट्रेडेसिम नाही, म्हणून पट्टी चढत नाही आणि तो फरकही हाती लागत नाही. कॅसिनी आणि ट्रेडेकॅसिनी या दुसऱ्या जोडीची गत तीच. लाल डोळे, काळी पाठ, नारिंगी शिरांचे पंख. हातात धरलेला किडा आपण तेरा वर्षांचे की सतरा, हे सांगत नाही.

मग ब्रूड कळतो कशावरून? दुसऱ्या कोणत्या वर्षी ते त्याच जागी आले होते, त्यावरून. सिकाडाची ओळख त्याच्या अंगावर नसून कालगणनेत असते. आणि २०२४ हे नेमकं असं साल होतं की दोन्ही कालगणना एकाच खुणेवर येऊन थांबल्या होत्या.

यात आणखी एक गाठ आहे, आणि मला ती साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक ब्रूडमधले थोडे सिकाडा चुकार असतात. ते एखादं वर्ष आधी-नंतर येतात, किंवा नेमके चार वर्षं आधी वा चार वर्षं उशिरा. सतरातून चार गेले की तेरा उरतात, तेरात चार मिळवले की सतरा होतात. चार वर्षांची ही उडी त्यांच्या शरीरातल्या घड्याळातच कुठेतरी आहे. शिकागोच्या उपनगरांत १९६९ साली सतरावर्षी चार वर्षं आधी बाहेर पडले होते, २०२० सालीही पडले. आता २००७ आणि २०११ पाहा. दोघांत अंतर चार वर्षांचं. म्हणजे २०११ मध्ये दिसलेले सिकाडा तेरावर्षी असू शकतात, किंवा २००७ ला यायचे राहिलेले सतरावर्षी चुकार. २००७ मध्ये दिसलेले सतरावर्षी असू शकतात, किंवा २०११ ऐवजी घाईने आलेले तेरावर्षी चुकार. 'दोन्ही साली पाहिले' एवढ्या साक्षीतून 'दोन्ही ब्रूड आहेत' हा निष्कर्ष निघत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: वार्ताहराला होकार द्यायचा. आजोबा खूश झाले असते, गटाचं नाव झालं असतं, आणि राज्यभर त्या आठवड्यात असंच काहीबाही छापून येत होतं. शिक्षिकाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "उद्या कुणी पुरावा मागितला तर आपण काय दाखवणार?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय, नमुने गोळा करून जनुकीय तपासणीसाठी एखाद्या विद्यापीठाकडे पाठवायचे. ऐकायला हा मार्ग सर्वांत पक्का वाटतो. पण तेरा आणि सतरा वर्षांच्या या जोड्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एका रानातले मूठभर नमुने पाठवून निर्विवाद उत्तर मिळेल, अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. शिवाय हे हौशी गटाच्या खिशाला परवडणारं नव्हतं.

तिसरा पर्याय, फोटोंचं ॲप. सिनसिनाटीच्या माउंट सेंट जोसेफ विद्यापीठातले जीन क्रिट्स्की यांचं 'सिकाडा सफारी' २०१९ पासून चालू आहे, आणि सिकाडा कुठवर पसरले आहेत हे दाखवण्यात त्याचं मोल मोठं आहे. पण फोटो जिथे माणसं जातात तिथून येतात: अंगणं, बागा, पायवाटा. दोन गावांमधल्या ओढ्याकाठच्या झाडीत कुणी जातच नाही. आणि तिथे सिकाडा नव्हते, हे तर फोटोतून कधीच कळत नाही. एका किड्याचा फोटो चुकाराचाही असू शकतो.

चौथा पर्याय, कानाने केलेली पाहणी. कनेक्टिकट विद्यापीठातले जॉन कूली आणि क्रिस सायमन यांच्या चमूने वर्षानुवर्षं हेच केलं आहे. गाडी सावकाश चालवायची, काचा उघड्या ठेवायच्या, सामूहिक गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते जागेसह टिपायचं. हजारो नर एकत्र गायला लागले की झाड न् झाड एकाच आवाजाचं होतं. चुकारांना ते सहसा जमत नाही. पक्ष्यांचं पोट भरूनही उरतील एवढ्या संख्येने बाहेर पडणं हाच या किड्याचा बचाव आहे. शिकागोच्या दक्षिणेला रॅकून ग्रोव्ह या रानात १९५६ साली हेन्री डायबस आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजणी केली, तेव्हा सखल भागात एकरी सुमारे १५ लाख सिकाडा भरले होते. सुटेसुटे आलेले चुकार मात्र बहुधा गाणं जमण्याआधीच खाल्ले जातात. म्हणून सामूहिक गाणं ही ब्रूडची खूण मानता येते आणि एकटादुकटा किडा मानता येत नाही.

पाचवा पर्याय कुणी मांडला नव्हता. तो नंतर घरातून आला. त्याबद्दल पुढे सांगते.

काय ठरवलं आणि काय केलं

पहिला निर्णय नावाचा होता. गटाने ठरवलं की यंदाच्या कोणत्याही नोंदीवर जातीचं वा ब्रूडचं नाव लावायचं नाही, फक्त 'मॅजिसिकाडा' एवढंच लिहायचं. ज्या तरुणाने फोटो टाकले होते त्याने स्वतःहून आपली नावं मागे घेतली आणि मान्यता देणाऱ्यांना एकेक करून कारण कळवलं. काहींना ते पटलं, काहींना नाही. माझ्या मते साऱ्या प्रकरणातलं हे सर्वांत धीराचं काम होतं. त्याच्या नोंदींचा दर्जा उतरणार होता आणि ते त्याला माहीत होतं.

दुसरा निर्णय, वार्ताहराला काय सांगायचं. "सिकाडा भरपूर आहेत, कोणत्या ब्रूडचे ते आज या गावात कुणीच सांगू शकत नाही, आणि ते का, हे आम्ही समजावून सांगू शकतो," असं उत्तर शिक्षिकाबाईंनी लिहून दिलं. आजोबा नाराज झाले. त्यांच्यासाठी हा केवळ किड्यांचा प्रश्न नव्हता. मका-सोयाबीनच्या समुद्रात वाडवडिलांनी न तोडता राखलेलं ते रान काहीतरी वेगळं आहे, हे लोकांसमोर यावं एवढंच त्यांना हवं होतं. बाईंनी त्यांना सांगितलं की दोन ब्रूड असोत वा एक, रान तोडलं असतं तर आज विचारण्यासारखा प्रश्नच उरला नसता. ते पाहणीला येत राहिले.

तिसरा निर्णय पाहणीच्या तक्त्याचा. आधीच्या मसुद्यात रकाने फार झाले होते: झाडाचं नाव, नर-मादी, पोटाचा शेवट पांढरा झालेले बुरशीबाधित किडे, फांद्यांवरचे व्रण. ती बुरशी फार विलक्षण आहे, मॅसोस्पोरा तिचं नाव. किड्याचं अर्धं पोट झडतं तरी तो उडत राहतो आणि बीजाणू पसरवतो. पण ब्रूड ठरवायला तिचा उपयोग नव्हता. शेवटी तक्ता चार गोष्टींवर आला: जागा, वेळ, तापमान आणि आवाज. आवाजाच्या तीनच पायऱ्या ठेवल्या. आवाज इतका एकजीव की वेगळा किडा ओळखू येत नाही, सुटे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, आणि शांत.

'शांत' ही नोंद केव्हा धरायची यावर बराच काथ्याकूट झाला. ढगाळ, गार किंवा पावसाळी हवेत सिकाडा असूनही गात नाहीत. म्हणून उबदार, कोरड्या, उन्हाच्या वेळीच थांबायचं, आणि शांत जागी दुसऱ्या एका चांगल्या दिवशी पुन्हा जायचं, असं ठरलं. दोन्ही वेळा शांत असेल तरच ती नोंद पक्की.

चौथा निर्णय छोटा वाटेल, पण त्याने पाहणी वाचली. सेप्टेनडेसिम गटाचं गाणं खर्जातलं, लांबवर घुमणारं असतं. कॅसिनी गटाचं उंच पट्टीतलं, आधी टिकटिक आणि मग करकरीत फवारा. वय झालं की उंच पट्टी ऐकू येणं आधी कमी होतं. नदीच्या सखल काठाला कॅसिनीच जास्त, आणि त्या भागाची जबाबदारी गटातल्या वयस्कांनी घेतली होती, कारण तिथले शेतमालक त्यांच्या ओळखीचे. मग प्रत्येक गाडीत एक तरुण आणि एक वयस्क अशी जोडी बसवली. ओळख एकाची, कान दुसऱ्याचे. काठावर आधी 'शांत' लिहिलेल्या काही जागा फेरपाहणीत गाणाऱ्या निघाल्या.

आता घरातून आलेल्या पर्यायाबद्दल. माझ्या सासूबाई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गटातली मंडळी शेजारपाजाऱ्यांना विचारत, "२००७ मध्ये सिकाडा होते का? २०११ मध्ये?" लोक जरा विचार करून बहुधा हो म्हणत. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, असं साल सांगून विचारलंस तर कुणीही हो म्हणेल. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारतं का कुणी? कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात केवढे होतात, असं विचारतात. त्यांचं काय चाललं होतं तेव्हा, ते विचार. साल आपण काढायचं."

पद्धत लगेच बदलली. आता प्रश्न असा असे: "मोठ्या आवाजाचे सिकाडा आठवतात का? तेव्हा तुम्ही कुठे राहत होतात? घरात तेव्हा काय चाललं होतं?" साल आमच्याकडून उच्चारायचंच नाही. लोक आपणहून खुणा देऊ लागले. बराक ओबामांनी २००७ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफिल्डच्या जुन्या विधानभवनासमोर उमेदवारी जाहीर केली होती. त्या थंडीत उभे राहिलेल्यांना पुढचा उन्हाळा नीट आठवत होता. २०११ च्या मेमध्ये शेजारच्या मिझुरी राज्यात जॉप्लिन गाव वादळाने उद्ध्वस्त झालं, तीही खूण अनेकांनी सांगितली. काहींच्या आठवणी त्याहून मागे गेल्या.

सर्वांत पक्का पुरावा मात्र आजोबांच्याच कपाटात होता. शाळेच्या पदवीदान समारंभाला मुलं डोक्यावर चौकोनी टोपी घालतात, आणि तिच्या गोंड्याला त्या वर्षाचा आकडा लटकवलेला असतो. समारंभ होतो मेअखेरीस, ऐन सिकाडांच्या दिवसांत. आजोबांच्या नातीच्या फोटोत गोंड्यावर ११ हा आकडा स्पष्ट होता, आणि मागच्या ओकचं खोड जमिनीपासून हाताच्या उंचीपर्यंत कातींनी भरलेलं. कॅमेऱ्यातली तारीख चुकीची लावलेली असू शकते. गोंडा चुकीच्या वर्षाचा नसतो. आणि इतक्या दाट काती चुकारांच्या असण्याची शक्यता फारच कमी.

निष्पन्न

दक्षिण रानाचा निकाल त्यामुळे जवळजवळ लागला. २०११ मध्ये तिथे दाट गर्दी होती, म्हणजे तेरावर्षी ब्रूड जवळजवळ नक्की. उरली बहिणीची २००७ ची आठवण. नव्या पद्धतीने विचारल्यावर ती खरीच निघाली, पण जागा वेगळी होती. त्या वर्षी त्या उत्तरेकडच्या एका गावात सुनेच्या बाळंतपणासाठी राहायला गेल्या होत्या. सिकाडा ऐकले ते तिथे, सतरावर्षी पट्ट्यात. पुढे सतरा वर्षं भावंडांच्या गप्पांत साल टिकलं, जागा मात्र हळूहळू घरच्या रानाकडे सरकली. दक्षिण रानात दोन्ही ब्रूड असल्याचा कोणताही आधार उरला नाही. आजोबांनी हे ऐकून घेतलं आणि फोटोची प्रत गटाच्या नोंदवहीत लावायला दिली.

अनपेक्षित होतं ते उत्तरेकडच्या एका नदीकाठच्या पट्ट्याचं. त्याकडे आधी कुणाचं लक्ष नव्हतं. २०२४ मध्ये तिथे एकजीव गाणं होतं. काठावरच्या एका कुटुंबाकडे २००७ च्या दाट गर्दीचे फोटो निघाले, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या घरातून २०११ ची आठवण मिळाली. तिला फोटोचा आधार नाही, पण जागा आणि खुणा पक्क्या. त्या आठवणीतली गर्दी ब्रूडची की चुकारांची, हे तिच्यावरून ठरत नाही. गटाने त्या पट्ट्यापुढे 'अनिर्णित' असं लिहिलं आणि तसंच ठेवलं.

पाहणीचा नकाशा यापेक्षा मोलाचा आहे असं मला वाटतं. त्यात गाणाऱ्या जागांइतकाच जीव शांत जागांत आहे. जुनी झाडी असूनही सिकाडा नाहीत असे तुकडे त्यात आले, आणि शेतजमिनीवर वसलेल्या नव्या वसाहतीही. त्या वसाहतींत लोक महिनाभर अंगणात वाट पाहत बसले होते. मका पिकत होता तिथे पिल्लांना पोसणारी झाडांची मुळंच नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ब्रूड आकसतात तसे संपतातही: कनेक्टिकटमधला ब्रूड ११ शेवटचा दिसला तो १९५४ साली. तो कसकसा मागे सरत गेला ते सांगणाऱ्या पक्क्या 'शांत' नोंदी त्या काळात कुणी तपशिलाने केल्या असत्या, तर आज केवढं कळलं असतं.

पुन्हा करायचं तर काय बदलावं

सर्वांत आधी, जुन्या सालांकडे जावं. गटाने सारा जोर २००७ आणि २०११ वर दिला, कारण त्या आठवणी ताज्या होत्या. पण या दोन सालांमध्ये चार वर्षांचं अंतर आहे, आणि चुकारांची उडीही तेवढीच. त्यामागची फेरी पाहा: सतरावर्षी १९९० ला आले, तेरावर्षी १९९८ ला. अंतर आठ वर्षांचं. १९९८ चा सिकाडा सतरावर्षींचा चुकार असण्याची शक्यता फारच कमी, १९९० चा तेरावर्षींचा चुकार असण्याचीही. म्हणजे १९९८ ची साधारण आठवणसुद्धा २०११ च्या चांगल्या आठवणीपेक्षा जास्त काही ठरवून जाते. हे गटाच्या ध्यानात आलं तोवर जून संपत आला होता आणि माणसं सुट्ट्यांवर निघाली होती.

१९९८ ची खूण इथे शोधावी लागत नाही. स्प्रिंगफिल्ड शिकागो आणि सेंट लुइस यांच्या दरम्यान पडतं, आणि त्या उन्हाळ्यात शिकागोचा सॅमी सोसा आणि सेंट लुइसचा मार्क मॅग्वायर या बेसबॉलपटूंची होमरनची, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारांची, शर्यत चालू होती. घरोघरी बाजू वाटल्या गेल्या होत्या. सोसाने एकट्या जूनमध्ये वीस होमरन मारले. "ती शर्यत चालू होती तेव्हा अंगणात रेडिओ ऐकू येत होता का?" हा प्रश्न विचारला तरी पुरे, कारण एकजीव गाण्यात रेडिओ बुडून जातो. त्या काळचे फोटो फिल्मचे, आणि लॅबचा शिक्का बऱ्याचदा पाठीवर असतो. ज्यांना १९९० आठवतं ती माणसं आता थकली आहेत. हे काम २०३७ पर्यंत थांबणारं नाही. गटाने ते हिवाळ्यात हाती घेतलं आणि अजून चालू आहे.

दुसरं, नाव न लावण्याचा निर्णय फोटो टाकण्याआधी व्हायला हवा होता. एकदा मान्यता मिळालेली नोंद मागे घेणं फार जड जातं, आणि प्रत्येक जण त्या तरुणाइतका निगुतीने ते करत नाही.

तिसरं, आजोबांना वार्ताहराच्या उत्तराबद्दल आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. उत्तर बरोबर होतं. पण ज्याचं रान, त्याला ते इतरांसोबत एकाच वेळी कळावं हे ठीक झालं नाही. हौशी कामात जमीन, ओळखी, आठवणी सगळं कुणीतरी आपलेपणाने दिलेलं असतं.

एका निर्णयाबद्दल गटात अजून मतभेद आहेत. नदीकाठच्या पट्ट्याची जागा जाहीर करावी की नाही? शिक्षिकाबाई म्हणतात, अभ्यासकांना कळवावी, सर्वांना नको. तरुणांचं म्हणणं, झाकलेली नोंद सापडत नाही, आणि तेरा वर्षांनी आपल्यापैकी कोण इथे असेल? मला बाईंचं पटतं, पण तरुणांचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. तूर्त असं ठरलं आहे की नोंदवहीच्या प्रती दोन वेगळ्या सार्वजनिक ठिकाणी ठेवायच्या, आणि पहिल्याच पानावर पुढच्या पाहणीची रीत लिहायची.

ते पान तयार आहे. तेरावर्षी पुन्हा येतील २०३७ ला, सतरावर्षी २०४१ ला. इथेही अंतर पुन्हा चार वर्षांचंच आहे. २०३७ ला सतरावर्षींचे घाईचे चुकार भेटतील, २०४१ ला तेरावर्षींचे उशिराचे. म्हणून पानावर 'दिसले का' असा रकानाच नाही. नदीकाठच्या पट्ट्यात दोन्ही सालांच्या मेअखेरीस, उन्हाच्या वेळी, एक तरुण आणि एक वयस्क अशा जोडीने उभं राहायचं आहे. एकजीव गाणं फक्त २०३७ ला ऐकू आलं तर तो पट्टा तेरावर्षींचा, फक्त २०४१ ला आलं तर सतरावर्षींचा, आणि दोन्ही साली आलं तरच 'अनिर्णित' खोडून तिथे 'दोन्ही' लिहायचं.